सत्त्याऐंशीवा अंश

पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाने घरात आगगाडी मांडून बसावे, याबद्दल आमच्या आळीत दोन मते आहेत. एक मत असे, की नातवंडे होण्यापूर्वीच हा गृहस्थ आजोबा झाला; दुसरे असे, की याचे बालपण अजून संपलेलेच नाही. दोन्ही पक्षांचे लोक रस्त्यात भेटले म्हणजे "काय, गाडी कुठवर आली?" असे विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जातात. खरे उत्तर द्यायचे तर ते असे आहे, की गाडी कोठेच गेलेली नाही. गेली सहा वर्षे ती एकाच स्टेशनात उभी आहे, कारण ते स्टेशन अजून पुरे झालेले नाही. उत्पन्नाच्या दृष्टीने पाहता इतकी तोट्यातली रेल्वे हिंदुस्थानात दुसरी नसेल.

खेळण्यातली गाडी आणि आगगाडीची प्रतिकृती यांत भेद आहे, आणि तो किमतीचा किंवा कारागिरीचा नव्हे. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९२० साली किल्लीवर चालणाऱ्या आगगाड्या बाजारात आणल्या, आणि इंग्लंडातील मध्यमवर्गीयांच्या सतरंज्यांवर रूळ पसरले. त्या गाड्या सुरेख होत्या. परंतु सतरंजी हा काही मुलूख नव्हे. खेळण्यातली गाडी कोठूनही निघते आणि वाटोळी फिरून तेथेच येते. तिला वेगापलीकडे काही नको असते. प्रतिकृतीला मात्र गाव लागते. ती कोठल्या तरी मातीवरून, कोठल्या तरी ऋतूत, कोणा तरी माणसांना घेऊन जात असली पाहिजे. ही गोष्ट ज्यांनी प्रथम ओळखली त्यांत लंडनचे जॉन अहर्न हे मानाचे नाव आहे. १९३० नंतरच्या दशकात त्यांनी 'मॅडर व्हॅली' नावाची एक काल्पनिक रेल्वे रचायला घेतली. नावातच खोरे आले. बंदर, अरुंद गल्ल्या, गुत्ते, आणि त्यांतून वाट काढीत जाणारी चिमुकली गाडी, असा तो पसारा आहे. तो पाहताना डोळा आधी गावात हिंडतो, आणि मग 'अरे, येथे गाडीही आहे' असे त्याच्या ध्यानात येते. हा क्रम मला योग्य वाटतो.

मला मात्र गाव शोधत फिरावे लागले नाही. लहानपणी आजीबरोबर पंढरपूरला जायचे म्हणजे कुर्डुवाडीस उतरून छोट्या गाडीत बसायचे, हे ठरलेलेच होते. 'बार्शी लाईट' हे शब्द आमच्याकडे संथपणाचे दुसरे नाव म्हणून वापरीत. एखादे काम रखडले, की ते 'बार्शी लाईटने निघाले आहे' असे वडील म्हणत. त्या गाडीची थट्टा करावी आणि तिच्याशिवाय कोणाचेच चालू नये, अशी तिची घरच्या जुन्या गड्यासारखी स्थिती होती. या शतकात ती लाईन टप्प्याटप्प्याने रुंद झाली आणि छोटे रूळ उचलले गेले. प्रवाशांचे हित त्यातच होते. त्याविरुद्ध गळा काढण्याचा माझा विचार नाही. परंतु जे उचलले गेले ते कोठे तरी मांडून ठेवावे, असे मला वाटू लागले.

या रेल्वेचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा विलक्षण माणूस होता. १८८२ साली तो जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीत येथे आला. बार्शीचा कापसाचा व धान्याचा व्यापार मोठा; परंतु मोठी गाडी गावापासून वीस-एकवीस मैल दूरून जाई, आणि मधली वाट बैलगाड्यांची. तेथे अडीच फूट रुंदीची रेल्वे घालावी हे त्याच्या मनाने घेतले, आणि १८९७ साली ती धावू लागली. अरुंद रेल्वे म्हणजे मोठ्या रेल्वेचे रोडावलेले पोर, अशी तेव्हाची समजूत होती. कॅलथ्रॉपने तिचे स्वतंत्र शास्त्र बांधले. यार्डाला तीस पौंड वजनाचा हलका रूळ घ्यायचा. आणि इंजिन असो, डबा असो, मालाची वाघीण असो, एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही. भार सारखा वाटला, की हलका रूळही पुष्कळ सोसतो, असा त्याचा सिद्धान्त होता, आणि बार्शीने तो शंभर वर्षे सिद्ध करून दाखविला. इंजिने व डबे इकडे पाठवण्यापूर्वी त्याने लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरते रूळ टाकून त्यांची परीक्षा घेतली. पुढे हाच गृहस्थ पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानातून उतरण्याच्या हवाई छत्र्या करू लागला आणि त्याच्या छत्रीचे नाव 'गार्डियन एंजल', म्हणजे रक्षक देवदूत, असे होते. ज्याने एक पिढी जमिनीवरचा भार वाटण्यात घालविली, त्याने उतारवयात आकाशातून पडणाऱ्या माणसाचा भार पेलावा, हे मला मोठे सुसंगत वाटते.

बार्शीवर शिकलेली विद्या कॅलथ्रॉपने स्वदेशातही वापरली. स्टॅफर्डशायरमधील 'लीक अँड मॅनिफोल्ड' ही छोटी रेल्वे १९०४ साली सुरू झाली. तिची लांबी अवघी आठ-सव्वाआठ मैल, आणि ती १९३४ साली बंदही पडली. परंतु तीस वर्षे जगलेल्या त्या रेल्वेवर इंग्रजांनी पुस्तके लिहिली, तिची आरेखने छापली, तिच्या इंजिनांच्या प्रतिकृतींचे पितळी सुटे संच विकायला आणले. बार्शीची रेल्वे वाढत वाढत लातूरपासून मिरजेपर्यंत सुमारे दोनशे मैल झाली, १९५४ साली सरकारजमा झाली, त्यानंतरही अर्धे शतक धावली. तिच्या इंजिनाची प्रतिकृती करू म्हणणाऱ्याला दुकानातून काहीएक मिळत नाही. आईपेक्षा लेकीचाच लौकिक अधिक, असे हे उदाहरण आहे. मला त्याचे वाईट वाटते. पण थोडे बरेही वाटते, कारण दुकानात मिळाले असते तर मी विकत घेतले असते आणि काहीच शिकलो नसतो.

आता प्रमाणाविषयी. खऱ्या वस्तूच्या सत्त्याऐंशीवा अंश, हे प्रमाण जगभर सर्वांत रूढ आहे. एकोणिसाव्या शतकात साडेपाच फुटांची रुंदी पसंत करणाऱ्यांनी आमची मोठी अडचण करून ठेवली आहे, कारण त्या रुंदीचा सत्त्याऐंशीवा अंश सव्वाएकोणीस मिलिमीटर होतो आणि तसले रूळ कोणी करीत नाही. परंतु बार्शीचे अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्यांना सत्त्याऐंशीने भागा, पावणेनऊ येतात. आणि नऊ मिलिमीटरचे रूळ तर जपानात व जर्मनीत दुसऱ्या एका लहान प्रमाणासाठी ढिगाने तयार होतात! हा योगायोग ज्या रात्री कागदावर उतरला त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही. पाव मिलिमीटरची चूक उरते हे खरे. परंतु ज्या इंग्रजांपासून आपण ही विद्या घेतली, त्यांच्याकडे शंभर वर्षांच्या घरात एक याहून मोठा घोटाळा सुखाने नांदत आहे. त्यांची इंजिने लहान चणीची. जुन्या काळची मोटार त्यांच्या पोटात मावेना, म्हणून त्यांनी इंजिनाचे प्रमाण फुटाला चार मिलिमीटर असे वाढविले आणि रूळ मात्र साडेतीनच्याच हिशेबाचे ठेवले. परिणामी त्यांच्या गाड्या ज्या रुळांवर धावतात ते हिशेबाने चार फूट दीड इंच भरतात. असायला हवेत चार फूट साडेआठ इंच. सात इंच कोठे गेले, असे सहसा कोणी विचारीत नाही. ज्यांना ते सहन होत नाही त्यांचा निराळा पंथ आहे, ते १८.८३ मिलिमीटरचे रूळ स्वतःच्या हाताने घालतात, आणि पहिल्या पंथाबरोबर त्यांचा पंक्तिव्यवहार जेमतेमच असतो. स्मार्त-वैष्णवांची एकादशी आठवावी.

इंजिनासाठी मी बार्शीचे पहिले मॉडेल घेतले: लीड्सच्या किटसन कारखान्याचे, आठ जोडचाकांचे, मागे चार छोटी चाके असलेले, पाणी स्वतःच्याच अंगावर वाहणारे. चालणारा भाग जपानी. त्याला हात लावण्याची माझी छाती नाही. अंग मात्र पितळेचे, पाव मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे. बॉयलर म्हणजे नळी, पाण्याच्या टाक्या म्हणजे घडी घातलेला पत्रा, हाताने धरायचे गज म्हणजे केसाहून थोडी जाड तार. डाख देण्याचे काम मी एका वृद्ध सोनाराकडे बसून शिकलो. त्यांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली: डाख तापाच्या मागे धावतो, तुमच्या मागे नाही. म्हणजे सांधायचे दोन्ही भाग सारखे तापले, की कथील आपण होऊन सांध्यात शिरते. ते दाबून बसवायला गेलात, की गोळा होऊन वर बसते. शिकवण्याच्या धंद्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाला हे वाक्य ऐकून थोडे गप्प बसावे लागले.

सर्वांत कष्टाचे काम रिव्हेटांचे. खऱ्या टाकीवर जेथे दोन-दोन इंचांवर रिव्हेट असतील, तेथे माझ्या पत्र्यावर ते सुमारे सहा दशांश मिलिमीटरवर यायला हवेत. पत्रा शिशाच्या तुकड्यावर पालथा घालायचा, बोथट सुईवर हलका ठोका द्यायचा, पत्रा सरकवायचा, पुन्हा ठोका. ओळीतला एक दाणा जरी वाकडा पडला तरी डोळा नेमका त्याच्यावरच जाऊन बसतो. शंभर बरोबर असलेले कोणाला दिसत नाहीत. एका टाकीची एक बाजू म्हणजे माझी एक दिवाळीची सुट्टी.

मग वजनाचा प्रश्न आला. लांबी सत्त्याऐंशीव्या अंशाने कमी झाली, की वजन मात्र सत्त्याऐंशीच्या घनाने, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक पटींनी कमी होते. तीस टनांचे इंजिन या हिशेबाने सेहेचाळीस ग्रॅमचे होईल. एवढे हलके इंजिन रुळावरच्या धुळीच्या कणालाही अडखळते. म्हणून त्याच्या पोटात शिसे भरतात. दिसायला खरे व्हायचे असेल तर वजनाने खोटे व्हावे लागते. अशा तडजोडी पावलोपावली आहेत. पाणी लहान होत नाही. त्याचा थेंब थेंबाएवढाच राहतो, म्हणून नदी वार्निशाच्या थरांनी करायची. एक किलोमीटर लाईन म्हणजे साडेअकरा मीटर. माझी खोली साडेतीन मीटरांची. त्यामुळे दोन स्टेशनांमधले माळरान मला एका बाभळीत आणि एका वळणात आटोपावे लागले. जे गाळायचे ते असे गाळावे, की गाळलेल्याची आठवण शिल्लक राहावी, ही खरी युक्ती आहे. माझे बरेचसे प्राध्यापकबंधू टिपणे काढून देताना नेमके उलट करतात.

देखाव्याच्या कामात मात्र आपले देशी साहित्य विलायतीला हार जात नाही. टेकडीसाठी तारेच्या जाळीवर कागदाचा लगदा थापला. आमच्या आजीच्या पिढीतील बायका रद्दीचा लगदा करून त्यात मेथी वाटून घालीत आणि त्याच्या टोपल्या करीत. मेथीमुळे कीड लागत नाही आणि लगदा चिकटतो. तीच कृती मी केली. झुडपांना घोसाळ्याची वाळलेली जाळी कातरून घेतली. बाभळीची खोडे बारीक तारा पिळून केली. रुळांच्या कडेचे घायपात रंगविलेल्या कागदाचे पाते-पाते कापून उभे केले. माती खरीच आणली, माढ्याच्या बाजूची, आणि वस्त्रगाळ करून सरसावर पसरली.

आणि येथे एक चमत्कार झाला. खरी माती खोटी दिसू लागली! तिचा काळा रंग इतका गडद दिसला, की शेत म्हणजे डांबराचा तुकडा वाटावा. कारण विचार करता सापडते. प्रतिकृतीकडे आपण अर्ध्या मीटरवरून पाहतो. सत्त्याऐंशीच्या हिशेबाने आपण तिच्यापासून साडेत्रेचाळीस मीटर दूर उभे असतो. तेवढ्या अंतरावरची माती आपण कधीच नुसती पाहत नाही. मधली हवा, मधली धूळ, मधले ऊन यांच्यातून पाहतो. म्हणून प्रतिकृतीवरचा प्रत्येक रंग थोडा विटका, थोडा राखेत कालवलेला हवा. वारकऱ्यांच्या पताका मी प्रथम गेरूच्या ताज्या रंगात रंगविल्या होत्या. त्यांत पांढरा व करडा मिसळला, तेव्हा कोठे त्या फलाटाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या.

जे मातीचे तेच नवेपणाचे. रंगवून कोरे करकरीत उभे केलेले इंजिन कधीही खरे दिसत नाही. त्याला ऊनपाऊस लावावा लागतो. पातळ केलेला काळा-तपकिरी रंग सर्वांगाला फासून पुसून घ्यायचा, म्हणजे तो सांध्यांत राहतो. पाण्याच्या टाकीच्या तोंडाखाली पांढरट ओघळ काढायचे. धुराड्याभोवती काजळी, पायऱ्यांच्या मधोमध बुटांनी घासलेली चकाकी. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील जॉन ॲलन हे या विद्येतील थोर पुरुष. गंज, पडझड, तुटके फळकूट यांत केवढे चित्र आहे हे त्यांनी अमेरिकेला दाखविले. शिवाय त्यांच्या अंगी विनोद असा, की डबे ढकलण्याच्या कामावर त्यांनी एक पुराणकालीन सरड्यासारखा प्राणी, एक स्टेगोसॉरस, नेमला होता. १९७३ च्या जानेवारीत ते वारले आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या घराला आग लागून ती सारी सृष्टी नाहीशी झाली. तिची छायाचित्रे पाहताना माझा हात नकळत आमच्या खोलीतल्या विजेच्या तारा चाचपून बघतो.

धुळीविषयी एक गोष्ट गमतीची. माझ्या स्टेशनावर सर्वत्र धूळ आहे, ती सर्व रंगविलेली आहे. आणि खोलीतली खरी धूळ तिच्यावर बसली, की ती काढावी लागते, कारण तिचा एकेक तंतू त्या प्रमाणात दोरखंडाएवढा दिसतो. माझ्या पत्नीला हा भेद अजून पटलेला नाही. "एक धूळ झटकायची आणि दुसरी जपायची, यातली कुठली कुठली ते लिहून ठेवा," असे तिचे म्हणणे आहे.

माझे स्टेशन नकाशावर नाही. कुर्डुवाडी आणि पंढरपूर यांच्या दरम्यान ते कोठे तरी आहे, आणि काळ १९३० ते १९४० या दशकातला कोणता तरी एक कोरडा आषाढ. सोलापूर जिल्ह्याला तसा आषाढ नवा नाही. ही पद्धत मी रॉय इंग्लंड यांच्यापासून घेतली. हा मूळचा ऑस्ट्रेलियन तरुण १९२५ साली इंग्लंडात आला आणि 'व्हेल ऑफ द व्हाइट हॉर्स' नावाच्या खोऱ्यातील गवताने शाकारलेली घरे पाहून वेडा झाला. त्याच्या डोळ्यांदेखत त्या घरांवरचे गवत उतरून पत्रे चढू लागले. तेव्हा त्याने ठरविले, की फुटाला चार मिलिमीटर या प्रमाणाने ते खोरे जसेच्या तसे करून ठेवायचे. १९५४ साली ऑक्सफर्डशायरमधील लाँग विटनम येथे त्यातून पेंडन नावाचे संग्रहालय उभे राहिले. अहर्न यांची 'मॅडर व्हॅली'ही आज तेथेच आहे. त्यातील मुख्य खेडे काल्पनिक आहे, परंतु त्यातले प्रत्येक घर खरे आहे, मोजून आणलेले आहे. गाव कल्पनेचे, घर पुराव्याचे, हा नियम मी उचलला. पाण्याची टाकी एका ठिकाणची मोजलेली, तिकिटाची खिडकी दुसऱ्या ठिकाणची, सिग्नल जुन्या छायाचित्रावरून. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून छोट्या रेल्वेचे एक संग्रहालय आहे. मुले तेथे हरखून जातात आणि ते योग्यच आहे. परंतु तेथल्या गाड्यांचे धावणे पाहून परतताना मला नेहमी वाटे, की आपल्याकडचे एखादे थांबणेही कोणी तरी करायला हवे.

स्टेशन झाले, इंजिन झाले, आता माणसे. सत्त्याऐंशीव्या अंशाचा माणूस दोन सेंटिमीटरांचा. वारीचे दिवस, म्हणजे टाळकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, गाठोडी, पोरे. यात्रेच्या गर्दीत मालाच्या वाघिणींतून माणसे नेण्याची चाल तेव्हाच्या रेल्वेत होती, म्हणून दोन वाघिणींची दारे उघडी ठेवून त्यांत माणसे भरली. फलाटावर पाण्याची सोय हवी. आणि येथे माझा हात थांबला.

आजी सांगे, की त्या काळी स्टेशनावर पाणी दोन असे, हिंदूंचे निराळे, मुसलमानांचे निराळे. हे एका स्टेशनाचे वैशिष्ट्य नव्हते. देशभर तशा पाट्याच असत. आणि ज्यांना यांपैकी कोणत्याही भांड्याला हात लावण्याची मुभा नव्हती, ते लांब उभे राहून कोणी वरून ओतील त्या पाण्यासाठी ओंजळ धरीत. १९०१ च्या सुमारास सातारा जिल्ह्यातील मसूर स्टेशनावर भीमराव आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची मुले कोरेगावला वडिलांकडे जाण्यासाठी उतरली. मुलांचे कपडे चांगले होते, म्हणून स्टेशनमास्तराने आस्थेने चौकशी केली. जात कळताच तो वळून आपल्या खोलीत निघून गेला. पुढे गाडीवानाने दुप्पट भाडे कबूल करून घेतले आणि तरीही, गाडी मुलांनीच हाकावी, मी बाजूने चालेन, अशी अट घातली; आणि वाटेत मुलांना प्यायला पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. माझ्या टेबलावर जसे स्टेशन आहे तसल्याच एका आडवळणी स्टेशनावरची ही हकीकत आहे.

प्रतिकृतीच्या छंदात एक मोह फार दबा धरून बसलेला असतो. लहान केलेली प्रत्येक वस्तू निष्पाप दिसू लागते. तुरुंगाची प्रतिकृती करा. सत्त्याऐंशीव्या अंशात तो गोजिरवाणा दिसेल. बघणारा वाकून बघतो, आणि वाकून बघणाऱ्याच्या मनात आपोआप वात्सल्य उत्पन्न होते. त्या वात्सल्याचा फायदा घेऊन जुना काळ जसा नव्हता तसा मांडून ठेवणे अगदी सोपे आहे. रिव्हेटांच्या बाबतीत सहा दशांश मिलिमीटरचा हट्ट धरणाऱ्याने माणसामाणसांमधले दोन मीटर गाळावेत, हे मला जमेना. दोन मीटर म्हणजे तेवीस मिलिमीटर. त्या स्टेशनावरचे सर्वांत नेमके मोजमाप तेच असायला हवे होते.

मी दोन रांजण ठेवले, आणि फलाटाच्या उतारावर, तेवीस मिलिमीटर सोडून, ओंजळ धरलेला एक माणूस उभा करण्याचे ठरविले. एका स्नेह्यांना हे रुचले नाही. "आषाढीचा सोहळा आहे," ते म्हणाले, "खेळात तरी हे दुखणे कशाला? मुले बघायला येतील, त्यांना काय सांगाल?" त्यांच्या बोलण्यात कपट नव्हते. मुलांना आनंद व्हावा, एवढेच त्यांना हवे होते. परंतु मुलांनी विचारलेच तर सांगण्याजोगे उत्तर माझ्यापाशी आहे, आणि रांजण एकच ठेवला तर त्यांना विचारायला काही राहणार नाही, असे मी म्हणालो. आमचे एकमत झाले नाही.

आमच्या कॉलेजातले इतिहासाचे एक प्राध्यापक नंतर घरी आले. त्यांचे घराणे मूळचे त्याच तालुक्यातले, आणि त्यांच्या आजोबांनी असल्या फलाटांवरचे पाणी ओंजळीने प्यालेले. त्यांनी इंजिन पाहिले, टेकडी पाहिली, मेथीच्या लगद्याची हकीकत हसून ऐकली. मग ते फलाटाशी बराच वेळ वाकून राहिले. ओंजळ धरलेला माणूस तेथे होता. पाणी ओतणारा अजून करायचा होता, त्याची पितळी तार नुसती उभी होती. त्यांनी विचारले, "हा कोणीकडे बघणार आहे?"

मी म्हणालो, "ओंजळीकडे. पाणी ओतायचे आहे ना?"

"आजोबा सांगत," ते म्हणाले, "ओतणारा दुसरीकडे बघत असे. म्हणून निम्मे पाणी खाली जाई. सर, तहान किती भागली हे त्याला कळतच नसे, कारण तो बघतच नसे."

दोन सेंटिमीटरांच्या माणसाला चेहरा नसतो. नाकडोळे काढले तर तो बाहुला दिसतो. पण मान असते. मानेची तार तापवून ती मी दाराकडे वळविली, स्टेशनमास्तराच्या खोलीच्या दाराकडे, आणि डाख दिला. उतारावर ओंजळीखाली वार्निशाचा एक थेंब सोडला, मातीचा तेवढाच भाग ओला दिसावा म्हणून. हे प्राध्यापक अधूनमधून येतात. गेल्या खेपेस त्यांनी आपल्या मुलीला आणले होते. ती सगळा वेळ इंजिन चालवून मागत होती, आणि मी ते चालविले. दोन हात पुढे, दोन हात मागे, कारण रूळ तेवढाच आहे.

पंढरपूरच्या बाजूला भीमेचा पूल करायचा राहिला आहे. खिडकीखालची जागा मोजली. तीन कमानींहून अधिक तेथे बसत नाहीत. वार्निशाचा एक थर वाळायला थंडीत दोन दिवस लागतात आणि नदीला असे आठ-दहा थर लागतील. पात्र अर्धे कोरडे ठेवणार आहे, म्हणजे वाळवंट दाखविता येईल. त्यासाठीची वाळू चाळून डब्यात भरून ठेवली आहे. रंग अजून दोन छटा फिका करायला हवा.